पांढऱ्या पेशींना ‘वाढा’ असे सांगणारी प्रथिने

कर्करोगाचे उपचार आता मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाहीत. केमोथेरपीचा डोस मोठ्या शहरात घ्यायचा आणि नंतरची इंजेक्शने गावी येऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून टोचून घ्यायची, ही पद्धत तालुक्याच्या गावीही रुळली आहे. त्यामुळे बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेली छोटी कुपी किंवा भरलेली सिरिंज घेऊन नातेवाईक दवाखान्यात येतात आणि सांगतात, “डॉक्टर, हे पांढऱ्या पेशी वाढवायचे इंजेक्शन आहे, तेवढे द्या.” पाठोपाठ ठरलेले प्रश्न येतात. यात असते तरी काय? हे बर्फातच का ठेवायचे? आणि याऐवजी एखादे टॉनिक, एखादा काढा किंवा गोळी का चालत नाही?

प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे दवाखान्यात, बाहेर पंधरा माणसे खोळंबलेली असताना देता येत नाहीत, म्हणून आजचे सदर त्यासाठी घेतो. या इंजेक्शनामागे जो शोध आहे तो वैद्यकातल्या सर्वांत चिवट शोधांपैकी एक आहे, आणि तो समजून घेतला तर केमोनंतर काय सांभाळायचे हेही आपोआप कळते.

प्रथम पांढऱ्या पेशींविषयी थोडेसे. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांत बहुधा निम्म्याहून अधिक ‘न्यूट्रोफिल’ जातीच्या असतात. जंतू शरीरात शिरले की सर्वांत आधी धावून जाणाऱ्या त्या ह्याच. जंतू गिळतात, मारतात आणि स्वतःही मरतात. गळवातून निघणारा पू म्हणजे बव्हंशी कामी आलेल्या न्यूट्रोफिलांचाच ढीग असतो. या पेशींचे आयुष्य फार थोडे, रक्तात काही तासांचे, फार तर काही दिवसांचे. त्यामुळे हाडांच्या पोकळीतल्या अस्थिमज्जेला हा कारखाना अखंड चालू ठेवावा लागतो. रोजचे उत्पादन किती, तर सुमारे दहा हजार कोटी पेशी! आपण जेवत असताना, झोपेत असताना हे काम चालूच असते.

आता एक साधी गोष्ट पाहा. अपेंडिक्सला सूज आलेल्या रुग्णाचे रक्त तपासले तर न्यूट्रोफिल वाढून एकूण आकडा सोळा-अठरा हजारांवर गेलेला दिसतो. अपेंडिक्स काढले की काही दिवसांत तो पुन्हा सात-आठ हजारांवर येतो. सुरुवातीची वाढ ही मज्जेतल्या शिल्लक साठ्यातून होते, हे खरे. पण मग उत्पादनही वाढते आणि गरज संपली की आटोपते घेतले जाते. पोटाच्या उजव्या कोपऱ्यातली खबर मांडीच्या, कमरेच्या, छातीच्या हाडांपर्यंत कोण पोचवते? मज्जेला ‘वाढवा’ आणि ‘पुरे’ हे कोण सांगते? १९६० पर्यंत याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. काहीतरी निरोप्या असणार, एवढाच तर्क होता.

चायना ग्रासमधल्या वसाहती

उत्तराची सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात १९६५ साली झाली. तिथल्या विद्यापीठातील संशोधक रे ब्रॅडली हे उंदरांच्या पेशी काचेच्या तबकडीत वाढवून पाहत होते. तबकडीत त्यांनी अगार घातला होता. अगार म्हणजे आपल्याकडे मिठाईसाठी किराणा दुकानात जो ‘चायना ग्रास’ मिळतो तोच पदार्थ. तो थंड झाला की मऊ खरवसासारखा होतो. त्यात अडकलेल्या पेशीला इकडेतिकडे फिरता येत नाही. ती विभागली तर तिची पिल्ले तिच्याभोवतीच साचतात आणि एक ठिपका तयार होतो. या ठिपक्याला ‘वसाहत’ म्हणतात. एक ठिपका म्हणजे एका मूळ पेशीचे कुटुंब, इतका सरळ हिशेब.

मज्जेतल्या पेशी अशा अगारमध्ये नुसत्या ठेवल्या तर मरून जात. पण तबकडीच्या तळाशी दुसऱ्या काही पेशींचा थर ठेवला की वर ठिपके उमटू लागत. म्हणजे खालच्या पेशींमधून काहीतरी झिरपत होते आणि ते मज्जेतल्या पेशींना वाढवत होते. ब्रॅडली यांनी हा प्रकार वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेतील डॉ. डोनाल्ड मेटकाफ यांच्याबरोबर पुढे नेला. ठिपक्यांत होत्या न्यूट्रोफिल आणि त्यांच्या भाऊबंद असलेल्या मॅक्रोफाज, या दोन्ही जंतू गिळणाऱ्या पेशी. त्याच सुमारास इस्रायलच्या वाइझमन संस्थेत लिओ सॅक्स आणि त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे त्याच जागी पोचले होते. विज्ञानात असे पुष्कळदा होते. वेळ आली की दोन दारे एकदम उघडतात.

त्या झिरपणाऱ्या अज्ञात पदार्थाला नाव मिळाले ‘कॉलनी स्टिम्युलेटिंग फॅक्टर’, म्हणजे वसाहत वाढवणारा घटक, संक्षेपाने ‘सीएसएफ’. नाव देणे सोपे होते. तो नेमका कोण, हे शोधायला पुढची जवळजवळ वीस वर्षे लागली.

इतका वेळ का लागावा? कारण हा घटक विलक्षण कमी मात्रेत काम करतो. एका मिलिलिटर द्रवात ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असला तरी पेशी त्याचे म्हणणे ऐकतात. म्हणजे तो इतर शेकडो प्रथिनांच्या गर्दीत इतका थोडा, की दिसणे शक्यच नाही. दिसतो तो फक्त त्याचा परिणाम. तेव्हा पद्धत अशी होती. ज्या द्रवात तो आहे असे वाटते तो घ्यायचा, रेणूंच्या आकारानुसार गाळून त्याचे वीस-तीस भाग पाडायचे, आणि प्रत्येक भागाचा थेंब मज्जेच्या वेगवेगळ्या तबकडीत घालायचा. आठवडाभर थांबायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी ठिपके मोजायचे. ज्या भागात ठिपके जास्त, तो ठेवायचा आणि बाकीचे ओतून द्यायचे. ठेवलेल्या भागाचे आता विद्युतभारानुसार पुन्हा भाग पाडायचे, पुन्हा तबकड्या, पुन्हा आठवडा, पुन्हा मोजणी. असे करत करत शेवटी एकच प्रथिन उरले पाहिजे. मेटकाफ यांची ख्याती अशी की ते स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत आणि हे मोजण्याचे काम त्यांनी म्हातारपणीही सोडले नाही. २०१४ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते त्याच संस्थेत काम करत होते आणि तिथे त्यांना साठ वर्षे झाली होती.

कच्चा माल म्हणून माणसाचे मूत्र, उंदरांचे रक्त, उंदरांची फुप्फुसे असे काय काय वापरून झाले. शेवटी कळले ते असे की घटक एक नाही, चार आहेत. म्हणूनच आधीचे निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. एक फक्त मॅक्रोफाज वाढवतो, एक दोन्ही जातींच्या पेशी वाढवतो, एक जवळजवळ सगळ्याच प्रकारांना हात लावतो, आणि एक मुख्यतः न्यूट्रोफिल वाढवतो. हा शेवटचा ‘जी-सीएसएफ’. उंदरातला जी-सीएसएफ मेलबर्नच्याच गटातील निकोला, मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली शुद्ध केला. माणसाचा जी-सीएसएफ न्यूयॉर्कमध्ये कार्ल वेल्टे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली मिळवला. आणि तो मिळाला कुठून? मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींतून! प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्या पेशी हे प्रथिन भरपूर सोडत होत्या. कर्करोगाच्या रुग्णांना आज जे सावरते, ते पहिल्यांदा हाती लागले कर्करोगाच्याच पेशींकडून.

प्रथिन शुद्ध मिळाले की त्यातल्या अमिनो आम्लांचा क्रम वाचता येतो आणि क्रम वाचला की त्याचे जनुक शोधता येते. १९८६ साली जपानमध्ये शिगेकाझू नागाता यांच्या गटाने आणि अमेरिकेत आणखी एका गटाने हे जनुक हस्तगत केले. पुढची युक्ती आता इन्सुलिनमुळे सर्वांना माहीत आहे. माणसाचे जनुक ‘इकोलाय’ या जंतूत बसवायचे आणि जंतूकडून ते प्रथिन पिंपेच्या पिंपे करून घ्यायचे. फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली. नाव ‘फिलग्रास्टिम’. रुग्ण बर्फात गुंडाळून आणतात ते हेच. २००१ पासून ते भारतीय कंपन्याही बनवू लागल्या, तेव्हा कुठे ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. तोवर परदेशी कुपीची किंमत ऐकूनच माणसे मागे फिरत.

निरोप पोचतो कसा

मज्जेतल्या कोवळ्या पेशींच्या पृष्ठभागावर या प्रथिनासाठी खास ग्राहक असतात. कुलपात किल्ली बसावी तसे प्रथिन त्यावर बसते. ते बसले की दोन ग्राहक एकमेकांजवळ येतात, पेशीच्या आतल्या बाजूची विकरे जागी होतात आणि निरोप एकाकडून दुसऱ्याकडे असा केंद्रकापर्यंत जातो. परिणाम तीन. पेशी विभागू लागते, लवकर प्रौढ होते आणि मज्जेतून बाहेर पडून रक्तात उतरते. चौथा परिणाम तितकाच महत्त्वाचा आहे पण सहज लक्षात येत नाही. हा निरोप मिळत राहिला तरच ती पेशी जिवंत राहते. निरोप थांबला की पेशी शिस्तीत स्वतःचा शेवट करून घेते. म्हणजे शरीराला वाढ थांबवण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही, नुसते बोलावणे बंद केले की पुरते.

बोलावणे बंद कसे होते, तीही मजा पाहण्यासारखी आहे. रक्तातल्या प्रौढ न्यूट्रोफिलांवरही तेच ग्राहक असतात आणि त्या जी-सीएसएफ ओढून घेऊन संपवतात. न्यूट्रोफिल कमी असतील तर ते संपवायला कोणी नाही, म्हणून रक्तात जी-सीएसएफ टिकून राहते आणि मज्जेला हाका मारत राहते. न्यूट्रोफिल पुरेशा झाल्या की त्याच त्याला खाऊन टाकतात. पाण्याच्या टाकीतला फुगा पाणी भरले की नळ बंद करतो ना, तसेच.

अमेरिकेत २००२ साली परवानगी मिळालेले ‘पेगफिलग्रास्टिम’ हे याच तत्त्वावर चालते. साधे फिलग्रास्टिम मूत्रपिंडांवाटेही निघून जाते, म्हणून रोज टोचावे लागते. त्याला एका मोठ्या रेणूची शेपटी जोडली की मूत्रपिंड ते सोडू शकत नाही. मग त्याला संपवणाऱ्या उरतात फक्त न्यूट्रोफिल. त्या वाढेपर्यंत ते अंगात राहते आणि वाढल्या की आपोआप जाते. म्हणून केमोच्या एका फेरीला त्याचा एकच डोस पुरतो. शेजारच्या रुग्णाला पाच इंजेक्शने दिली आणि आम्हाला एकच दिले, म्हणजे आमचे उपचार कमी पडले, अशी शंका घेऊ नये. दोन्ही औषधे एकाच प्रथिनाची रूपे आहेत.

आता टॉनिकच्या प्रश्नाकडे येतो. हे प्रथिन आहे. गोळी करून गिळले तर पोटात डाळीसारखे पचून जाईल. म्हणून टोचावेच लागते, आणि प्रथिन म्हणूनच ते उष्णतेने व गोठल्याने बिघडते. फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवायचे, बर्फाच्या कप्प्यात नाही. सिरिंज जोरजोराने हलवायची नाही. आणताना ती थेट बर्फाला चिकटू देऊ नये, मध्ये कापड असावे. राहिले बाजारातले ‘इम्युनिटी वाढवणारे’ काढे आणि चूर्णे. मज्जेला न्यूट्रोफिल वाढवण्याचा हुकूम देणारे एकही मला त्यांत माहीत नाही. शिवाय केमो चालू असताना अशा वस्तूंनी यकृतावर ताण येऊ शकतो. घ्यायचेच असेल तर आधी केमो देणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे. कोणी म्हणेल, पपईच्या पानांचा रस? तो लोक प्लेटलेटसाठी देतात, त्याचा आणि न्यूट्रोफिलांचा संबंध लावू नये.

उलट दिशेचीही एक मागणी हल्ली होते. डेंगी किंवा विषाणूच्या तापात पांढऱ्या पेशी तीन हजारांवर, कधी दोन हजारांवर येतात. रिपोर्टवर लाल अक्षर दिसले की नातेवाईक घाबरतात आणि ‘ते पेशींचे इंजेक्शन’ मागतात. त्याची गरज नसते. मज्जा शाबूत असते, ताप उतरता उतरता आकडा आपणहून वर येतो. डेंगीत पाहायचे ते रक्तदाब, लघवीचे प्रमाण, पोटदुखी, रक्तस्राव, हिमॅटोक्रिट आणि प्लेटलेट.

राजम्यापासून सुरू झालेली दुसरी गोष्ट

पांढऱ्या पेशींतला दुसरा मोठा वर्ग लिंफोसाइटांचा. विषाणूंशी आणि बिघडलेल्या पेशींशी लढणाऱ्या ‘टी’ पेशी त्यातल्याच. त्यांचा निरोप्या सापडला तो वेगळ्याच वाटेने. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल हे रक्तातल्या लाल पेशी वेगळ्या काढण्यासाठी राजम्यातले एक प्रथिन वापरत होते. त्यांना दिसले की या प्रथिनाच्या सहवासात लिंफोसाइट विभागू लागतात. तोवर समज असा की लिंफोसाइट ही म्हातारी पेशी, तिच्याकडून आता काही होणे नाही. (कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा खाल्ल्यावर उलट्या होतात त्या याच प्रथिनामुळे. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, चांगला उकळावा.)

१९७६ साली अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मॉर्गन, रुसेटी आणि गॅलो हे मज्जेतल्या रक्तपेशी वाढवण्याच्या प्रयत्नात होते. राजम्याच्या प्रथिनाने चेतवलेल्या लिंफोसाइटांचा द्रव त्यांनी मज्जेच्या पेशींवर घातला. वाढल्या मात्र टी पेशी, आणि वाढतच राहिल्या. त्या द्रवात टी पेशींना वाढवणारे प्रथिन होते. १९७९ साली त्याला ‘इंटरल्युकिन-२’ हे नाव मिळाले आणि १९८३ साली जपानच्या तादात्सुगु तानिगुची यांनी त्याचे जनुक वेगळे काढले. त्याचा पहिला मोठा उपयोग कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. त्याच १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एड्सचा विषाणू प्रथम वाढवला गेला, तो या प्रथिनावर जगवलेल्या टी पेशींत. टी पेशी तबकडीत वाढवता येत नसत्या तर तो विषाणू सापडायला आणखी किती वर्षे गेली असती कोण जाणे.

औषध म्हणून मात्र इंटरल्युकिन-२ ने सर्वांना धडकी भरवली. अमेरिकेत डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी ते कर्करोगाच्या रुग्णांना मोठ्या मात्रेत दिले. १९८४ साली एका स्त्रीच्या सर्वत्र पसरलेल्या मेलानोमाच्या गाठी विरघळल्या, हे खरे. पण पुष्कळ रुग्णांच्या केशवाहिन्यांतून पाणी झिरपून अंग सुजले, रक्तदाब कोसळला, अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी १९९२ साली व मेलानोमासाठी १९९८ साली तिथे त्याला मान्यता मिळाली, तरी गुण आला तो थोड्यांनाच.

‘रोगप्रतिकारशक्ती वाढवा’ हे वाक्य ऐकले की मला हीच गोष्ट आठवते. या निरोपांची जास्त मात्रा म्हणजे जास्त आरोग्य नव्हे. कोविडच्या साथीत तर ते घरोघरी दिसले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ‘टोसिलिझुमॅब’ या इंजेक्शनासाठी लोक शहरोशहर धावत होते. ते काय करते? इंटरल्युकिन-६ या निरोप्याचे कान बंद करते. हे इंटरल्युकिन-६ जपानच्या ओसाका येथे तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८६ साली ओळखले, तेव्हा ते प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना प्रौढ करणारे उपयुक्त प्रथिन म्हणूनच ओळखले होते. तेच बेसुमार झाले की फुप्फुसांवर उलटते.

ताप आला तर

आता व्यवहाराचे. केमोथेरपी वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालते, आणि मज्जेतल्या पेशींइतक्या वेगाने विभागणाऱ्या पेशी थोड्याच. म्हणून केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. रिपोर्टमध्ये एकूण आकडा पाहून भागत नाही, न्यूट्रोफिल किती ते काढावे. समजा एकूण पेशी १,२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के, तर न्यूट्रोफिल झाल्या ३६०. हा आकडा ५०० च्या खाली असेल तर धोका मोठा.

अशा वेळी सर्वांत फसवी गोष्ट ही की जंतुसंसर्गाच्या नेहमीच्या खुणा दिसत नाहीत. पू होतो न्यूट्रोफिलांचा. त्याच नाहीत तर पू नाही, लाली नाही, न्यूमोनिया असून छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, लघवीत पू-पेशी सापडत नाहीत. खूण उरते एकच, ताप. म्हणून केमोनंतरच्या या दिवसांत ताप एकदा जरी १०१ अंश फॅरनहाइट झाला, किंवा १००.४ वर तासभर टिकला, तर ती तातडीची स्थिती आहे. रात्री दोन वाजता असला तरी निघावे. “सकाळी बघू, तोवर पॅरासिटामॉल देऊ” या एका वाक्याने माणसे गेलेली आहेत. गोळीने ताप उतरतो, जंतू उतरत नाहीत, आणि सकाळपर्यंत रक्तदाब गेलेला असतो. रुग्णालयात पोचल्यावर रक्ताचा नमुना घेऊन तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. आमच्यासारख्या डॉक्टरकडे आधी आलात तर पहिले वाक्य हेच सांगा की केमो चालू आहे आणि शेवटचा डोस अमुक तारखेला झाला. नुसता ‘ताप आहे’ म्हणून नंबर लावून बाकावर बसू नका. म्हाताऱ्या माणसांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना ताप चढतही नाही, नुसती थंडी वाजते, गळून जायला होते, बोलणे असंबद्ध होते. तेही तापाइतकेच गंभीर समजावे.

घरात काचेचा किंवा डिजिटल थर्मामीटर ठेवा आणि तोंडात किंवा काखेत लावा, गुदद्वारात मुळीच नाही. तिथल्या बारीकशा ओरखड्यातूनही जंतू शिरतात.

इंजेक्शन केव्हा, हेही केमो देणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलेले असते आणि ते तसेच पाळावे. केमोच्या दिवशीच ते देत नाहीत, किमान २४ तास जाऊ देतात. कारण उघड आहे. इंजेक्शनाने पेशी विभागू लागतील आणि केमो नेमक्या विभागणाऱ्या पेशींनाच गाठेल. “उद्या मला यायला जमणार नाही, आजच टोचा” असा आग्रह म्हणूनच मोडून काढावा लागतो. हे इंजेक्शन प्रत्येक केमोला लागतेच असेही नाही. ज्या औषधांच्या जोडणीत असा ताप येण्याचा धोका सुमारे पाचातल्या एकाहून जास्त असतो, तिथे ते आधीच देतात. बाकीच्यांत वय आणि इतर आजार पाहून ठरवतात. त्याने हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट वाढत नाहीत, त्यामुळे ती अपेक्षा ठेवू नये.

इंजेक्शनानंतर कंबर, मांड्या, छातीचे हाड दुखते. मज्जेत कामाची धांदल उडाल्याची ती खूण असते आणि दोन-चार दिवसांत थांबते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल, पण प्रत्येक गोळीच्या आधी ताप मोजून वहीत लिहा, नाहीतर गोळी ताप झाकून ठेवेल. मात्र डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात जोराची कळ आली तर लगेच दाखवावे, क्वचित प्लीहेला इजा होते. या दिवसांत रक्त तपासले तर आकडा तीस-चाळीस हजारही येतो. रक्ताचा कर्करोग झाला की काय, म्हणून रडारड करू नये. इंजेक्शन थांबले की एक-दोन दिवसांत तो निम्म्यावर येतो.

केमो न घेणाऱ्यांसाठीही एक सूचना. थायरॉइड वाढल्यामुळे कार्बिमॅझोल घेणाऱ्या थोड्याशा रुग्णांत न्यूट्रोफिल एकाएकी संपतात. घसा फार दुखू लागला आणि ताप आला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

या प्रथिनाचा आणखी एक उपयोग निरोगी माणसांशी येऊन भिडतो. आपल्याकडे पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले, तेव्हा दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून सुयांनी मज्जा काढावी लागे. आता बहुतेक वेळा दात्याला चार-पाच दिवस जी-सीएसएफ टोचतात. मज्जेतल्या मूळ पेशी रक्तात उतरतात आणि हातातल्या शिरेतून यंत्राने गोळा करता येतात. आणि आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या ज्या ‘कार-टी’ उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली, तशा उपचारांत रुग्णाच्याच टी पेशी प्रयोगशाळेत बदलून वाढवतात. त्या वाढवायला लागतात ती याच इंटरल्युकिन कुळातली प्रथिने. भावाला किंवा बहिणीला पेशी द्यायची वेळ आली आणि घरचे “हाडातून काही काढतात म्हणे” म्हणून अडवू लागले, तर त्यांना हे सांगा. दात्याला त्या चार-पाच दिवसांत कंबर दुखेल, अंग मोडून आल्यासारखे वाटेल. पेशी देऊन झाल्यावर बहुतेक जण आठवड्याच्या आत कामावर जातात.